राजारामला किती? आणि आपल्या उंबऱ्याला किती? नदीची पातळी आणि प्रवाह स्वतः मोजायचा तर काय काय करायचं

कोल्हापुरात नवीन राहायला आलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात एक प्रश्न पडतोच, की ही सगळी माणसं सकाळी उठल्या उठल्या "राजारामला किती झालं?" असं का विचारतायत. चहाच्या गाड्यावर तेच, रिक्षात तेच, फॅमिली ग्रुपवर पण तेच, आणि उत्तर पण एका दमात येतं, "सदतीस सहा, तासाला इंच चढतंय." हा राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. तिथली पाणीपातळी फूट-इंचात मोजतात, ३९ फूट झाली की इशारा पातळी, ४३ फूट झाली की धोका पातळी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात हेच पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलेलं, म्हणून इथल्या माणसाच्या डोक्यात तो आकडा कायमचा बसलाय.

पण आकडा माहिती असणं वेगळं आणि त्याचा अर्थ लागणं वेगळं. २०१९ ला आमच्या भागात सगळ्यांच्या मोबाईलवर आकडा तासातासाला येत होता, तरी जनावरं कधी सोडायची, गाडी कधी हलवायची, कपाटातले कागद कधी माळ्यावर टाकायचे हे बऱ्याच जणांना ठरवता आलं नाही, कारण बंधाऱ्यावरचा आकडा आणि आपला उंबरा यांचं नातं कुणी मांडलेलंच नव्हतं. ते नातं मांडायला शिकायचं, एवढ्यासाठी हे सगळं लिहितोय. लागणारं सामान म्हणजे मोजायचा टेप, दोरी, एक लांब बांबू, ऑइल पेंटचा डबा, गवंड्याकडे असतो तो पारदर्शक लेव्हल पाईप, एक वही आणि मोबाईलचं घड्याळ. उदाहरणं पंचगंगेची देतोय कारण तीच मला माहिती आहे, पण तुमच्या गावची नदी असो नाहीतर ओढा, पद्धत हीच.

पायरी १: आधी पाणी कुठून येतं ते बघा

मोजायला सुरुवात करायच्या आधी एक संध्याकाळ नकाशा घेऊन बसा. पंचगंगा म्हणजे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोक जिला गुप्त मानतात ती सरस्वती, यांचा संगम प्रयाग चिखलीला होतो आणि तिथून पुढं ती कोल्हापूर, मग इचलकरंजी करत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. म्हणजे कोल्हापूरची पातळी बघायची असेल तर तुम्हाला चिखलीच्या वरच्या भागातला पाऊस आणि तिथली धरणं बघायला पाहिजेत. भोगावतीवर राधानगरी, तुळशीवर धामोडचं धरण, कासारीवर गेळवड्याचं, कुंभीवर लखमापूरचं.

इथं नवीन माणूस हमखास चुकतो. टीव्हीवर "चांदोलीतून विसर्ग वाढवला" असं आलं की घाबरून जातो. चांदोली वारणा नदीवर आहे आणि वारणा सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते, ती कोल्हापूर शहरातून जातच नाही. काळम्मावाडीचं पण तसंच, ते दूधगंगेवर आहे आणि दूधगंगा वेगळी वाट धरून कृष्णेत जाते. शिरोळ तालुक्यात राहणाऱ्याला मात्र हे सगळंच बघावं लागतं, कारण ही सगळी पाणी शेवटी कृष्णेतच येतात. म्हणून आपण नदीच्या कुठल्या टप्प्यावर राहतो, आपल्या वर कोण कोण मिळतं आणि आपल्या खाली काय आहे, हे एका कागदावर हातानं काढून भिंतीला लावा. प्रिंट काढू नका, हातानंच काढा, म्हणजे डोक्यात बसतं.

राधानगरीबद्दल थोडं जास्त सांगतो. शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं हे धरण, आणि त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, म्हणजे पाणी ठराविक पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो आणि पाणी उतरलं की आपोआप मिटतो, कुणी बटण दाबायला लागत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी पडतं. त्यामुळं "राधानगरीचे पाच दरवाजे उघडले" असं ऐकलं की लगेच हिशोब करायचा, पाच गुणिले १४२८ म्हणजे ७१४०, वर वीजगृहातून जाणारं वेगळं.

आणि एक लक्षात ठेवा, दरवाजे बंद असले म्हणजे पूर येत नाही असं नाही. धरणांच्या खाली जो डोंगर-शेतांचा भाग आहे, त्याला मुक्त पाणलोट म्हणतात, तिथला पाऊस कुठल्याच धरणात अडत नाही, सरळ नदीत येतो. गगनबावड्याकडं, पन्हाळ्याकडं रात्रभर कोसळला तर सगळे दरवाजे बंद असतानाही सकाळी राजाराम दोन-तीन फुटांनी चढलेला दिसू शकतो.

पायरी २: सरकारी आकडे नीट वाचायला शिका

पावसाळ्यात जिल्हा प्रशासन आणि जलसंपदा विभागाकडून दिवसातून अनेकदा पातळी येते. केंद्रीय जल आयोगाची पूर अंदाजाची वेबसाइट आहे, २०२३ पासून फ्लडवॉच इंडिया नावाचं ॲप पण आहे. मोबाईलवर हे ठेवाच. पण त्यातल्या एककांनी लोकांचा गोंधळ होतो, म्हणून एकदा सोडवून घ्या.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८.३ लिटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एक क्युसेकनं ३५ सेकंदात भरेल, असं डोळ्यासमोर आणा. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, एक क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक. टीएमसी हे साठ्याचं माप, एक अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी सलग २४ तास वाहिलं की एक टीएमसी होतं. राधानगरीतून पाच दरवाजे आणि वीजगृह मिळून साडेआठ हजार क्युसेक पडत असेल तर दिवसाला पाऊण टीएमसीच्या आसपास पाणी खाली येतंय, एवढं तोंडी सांगता आलं पाहिजे.

पातळी कधी फूट-इंचात देतात, कधी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. राजारामचे ३९ फूट म्हणजे ५४२.०७ मीटर आणि ४३ फूट म्हणजे ५४३.२९ मीटर. वजाबाकी करून बघा, चार फूट म्हणजे १.२२ मीटर, बरोबर जुळतं. यावरून हेही कळतं की राजारामच्या पट्टीचा (पट्टी म्हणजे पाण्यात उभी केलेली, आकडे मारलेली मोजपट्टी) शून्य समुद्रसपाटीपासून साधारण ५३०.१८ मीटरवर आहे. म्हणजे ४३ फूट ही काही नदीची खोली नव्हे, ती एका ठरवून दिलेल्या शून्यापासूनची उंची आहे. प्रत्येक ठिकाणच्या पट्टीचा शून्य वेगळा असतो. सांगलीला आयर्विन पुलाजवळ इशारा ४० फुटांना आणि धोका ४५ फुटांना, म्हणून "सांगलीत ४२ आणि कोल्हापुरात ४२, म्हणजे दोन्हीकडं सारखंच" असली तुलना करूच नका.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. ग्रुपवर मेसेज येतो "३९.१०". हे ३९ फूट १० इंच आहे का ३९ पूर्णांक एक दशांश फूट? पहिलं असेल तर चाळीस व्हायला दोनच इंच उरलेत, दुसरं असेल तर जेमतेम इंचभर वर गेलंय. आमच्याकडं एका वर्षी या एका टिंबावरून निम्म्या गल्लीनं सामान हलवलं आणि निम्मी गल्ली निवांत बसली. म्हणून स्वतः लिहिताना कायम "३९ फूट १० इंच" असं पूर्ण लिहायचं, आणि दुसऱ्यानं टिंब देऊन पाठवलं तर विचारून घ्यायचं. मेसेजवर वेळ नसेल तर तो पुढं पाठवायचाच नाही, वेळ नसलेला आकडा कालचा पण असू शकतो.

पायरी ३: जागा निवडा

स्वतःची पट्टी लावायला जागा कशी पाहिजे? नदी किंवा ओढा थोडा तरी सरळ वाहणारा, काठ ढासळत नाही असा, आणि पुरातसुद्धा लांबून, उंचावरून, सुरक्षित उभं राहून वाचता येईल असा. पुलाचा खांब, घाटाची भिंत, जॅकवेलची भिंत, असलं काहीतरी पक्कं बघा. एकदम वळणावर नको, दोन प्रवाह मिळतात त्याच्या तोंडाशी नको.

आणि बंधाऱ्याच्या लगेच वर पट्टी लावत असाल तर विचार करून लावा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर काढतात. बरगे घातले की वरच्या बाजूला पाणी तटून राहतं, पातळी चढलेली दिसते पण नदीत वाहतं पाणी फारसं नसतं. तशा जागेवर पट्टी लावलीच तर वहीत बरगे कधी घातले, कधी काढले याची तारीख लिहायला विसरू नका, नाहीतर दोन वर्षांनी तुमचेच आकडे तुम्हाला कळणार नाहीत.

पुलाच्या खांबावर रंग मारायच्या आधी ग्रामपंचायतीला विचारा, पूल बांधकाम खात्याचा असेल तर त्यांना पण. बहुतेक वेळा नाही म्हणत नाहीत, उलट तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना तुमची पट्टी उपयोगालाच येते.

पायरी ४: पट्टी आणि तिची पक्की खूण

हे काम मे महिन्यात करायचं, पाणी सगळ्यात कमी असताना. उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पाण्याच्याही खाली अर्धा-एक फूट तुमचा शून्य ठेवा, म्हणजे कधी वजा आकडा येणार नाही. तिथून वर पांढऱ्या पट्ट्यावर काळ्या किंवा लाल ऑइल पेंटनं खुणा मारत जा. प्रत्येक फुटाला मोठा आकडा, लांबून दुर्बिणीशिवाय दिसेल एवढा, आणि मध्ये दर दोन इंचांना लहान रेघ. मीटरमध्ये करायचं असेल तर दर दहा सेंटीमीटरला आकडा आणि दोन सेंटीमीटरला रेघ. माझं मत विचाराल तर पंचगंगेच्या काठावर फूट-इंचच ठेवा, कारण इथले म्हातारे-कोतारे, शाळेची पोरं, सगळे त्याच भाषेत बोलतात आणि पट्टी सगळ्यांना वाचता आली पाहिजे. काठ उतरता असेल तर एकच उंच पट्टी जमत नाही, मग पायऱ्या-पायऱ्यांनी दोन-तीन दगडी किंवा सिमेंटचे खांब पुरून आकडे पुढं चालू ठेवायचे.

आता महत्त्वाचं. पट्टी पुरात वाहून जाऊ शकते, खांब तिरका होऊ शकतो, रंग गाळात झाकला जातो. म्हणून जवळच, पण पुराच्या वर, एक पक्की खूण ठरवा, देवळाच्या जोत्याचा कोपरा, पाण्याच्या टाकीचा पाया, असली कधी न हलणारी जागा. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून, हवेचा एकही बुडबुडा राहू न देता, पट्टीवरचा एखादा आकडा आणि ही खूण यातला उंचीचा फरक टप्प्याटप्प्यानं मोजून काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. गवंड्याला सोबत घेतलंत तर तासाभराचं काम. "पट्टीवरच्या २० फुटांच्या रेघेपासून मारुतीच्या देवळाचं जोतं ६ फूट ४ इंच वर", असं. दर मे महिन्यात हा फरक परत मोजायचा. जुळला तर पट्टी जागेवर आहे, नाही जुळला तर पट्टी सरकलीय.

पायरी ५: रोज वाचा, एकाच वेळी वाचा

सकाळी ८ ची वेळ चांगली. पाऊस मोजायची वेळ सकाळी साडेआठची असते, तेव्हा दोन्ही एकाच फेरीत होतं. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा वाचलं तरी चालेल, जूनपासून रोज, पाणी पात्राबाहेर पडायला लागलं की दर तासाला.

पाण्याला लाटा असतात, ते स्थिर उभं राहत नाही, म्हणून अर्धा मिनिट बघत राहायचं, वरचा आकडा आणि खालचा आकडा बघून मधला लिहायचा. खांबाच्या ज्या बाजूवर पाणी आदळतं तिथं ते चढलेलं दिसतं, तिथलं वाचू नका, बाजूचं वाचा. प्रत्येक वेळी मोबाईलवर एक फोटो काढा, त्यात आकडा आणि पाणी दोन्ही आलं पाहिजे. वहीत तारीख, वेळ, पातळी, पाऊस, पाण्याचा रंग, आणि शेरा. शेऱ्यात काहीही लिहा, "पाणी एकदम लाल झालं", "लाकडं वाहत येतायत", "फेस आलाय". पाणी गढूळ होऊन ओंडके यायला लागले की वर जोरात पाऊस झालाय हे पट्टी चढायच्या आधी कळतं, हे जुन्या माणसांना माहिती असतं, तुम्ही लिहून ठेवलंत तर पुढच्यांना पण कळेल.

एकट्या पातळीपेक्षा चढायचा वेग जास्त सांगतो. राजाराम ३९ वर आहे, ४३ ला चार फूट म्हणजे ४८ इंच उरलेत. तासाला दोन इंच चढत असेल तर हातात २४ तास आहेत, तासाला चार इंच असेल तर बारा तास. हा काही पक्का अंदाज नव्हे, कारण वेग बदलतो, पाणी पात्राबाहेर पसरलं की तेवढंच पाणी येत असूनही चढ मंदावतो, पण रात्री झोपायच्या आधी हा हिशोब केलेला असला की झोपायचं का जागायचं ते ठरवता येतं.

रात्री पुराचा शिखर आकडा हुकतो, सगळ्यांचाच हुकतो. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. खाली भोकं पाडलेला एक पाईप खांबाला उभा बांधायचा, आत एक लाकडी पट्टी ठेवायची आणि बुडाशी थोडा कॉर्कचा भुगा टाकायचा. पाणी आत चढतं तसा भुगा तरंगत वर जातो आणि पाणी उतरलं की सगळ्यात वरच्या जागी पट्टीला चिकटून राहतो. सकाळी काढून मोजा, शिखर सापडलं.

पायरी ६: पाऊस

पट्टीइतकाच पाऊस मोजायला पाहिजे. विकतचा साधा पर्जन्यमापक घ्या, तो उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून लांब बसवा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमी झाला की मुसळधार, ११५.६ च्या पुढं अतिमुसळधार, २०४.५ च्या पुढं अत्यंत मुसळधार. आपल्या दारातला पाऊस नदीसाठी फार कामाचा नाही, वरचा पाहिजे, म्हणून गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा या तालुक्यांचे रोजचे आकडे त्याच वहीत लिहीत चला. एक पावसाळा झाला की वरचा पाऊस आणि तुमच्या पट्टीचा चढ यात किती तासांचं अंतर आहे ते तुमच्याच वहीतून निघतं. राधानगरीचं पाणी तुमच्यापर्यंत यायला किती वेळ लागतो तेही तसंच काढायचं, दरवाजा उघडल्याची वेळ लिहायची आणि पट्टीवर फरक कधी दिसला ते लिहायचं. दुसऱ्याचं ऐकून चालत नाही, कारण नदी आधीच भरलेली असेल तर पाणी वेगळ्या चालीनं येतं.

पायरी ७: प्रवाह मोजा, पण ओढ्यावर

पातळी म्हणजे पाणी किती उंच, प्रवाह म्हणजे सेकंदाला किती पाणी जातंय. मोठ्या नदीवर पुरात प्रवाह मोजणं हे खात्याचं काम, त्यासाठी पाण्याचा वेग मोजणारा, पुलावरून दोरीनं सोडायचा करंट मीटर, रडार अशी साधनं लागतात, आपण त्यात पडायचं नाही. शिकायचं असेल तर काठाकडं गुडघ्याखाली पाणी असलेला ओढा घ्या, शाळेच्या मुलांना घेऊन पण करता येतं.

ओढ्याचा सरळ असा २० मीटरचा तुकडा घ्या, वर एक दोरी आडवी बांधा, खाली एक. मध्ये एका ठिकाणी रुंदी मोजा आणि दर दोन मीटरला बांबू टेकवून खोली घ्या. समजा ओढा १२ मीटर रुंद आहे आणि काठापासून काठापर्यंत खोली आली शून्य, ०.४, ०.७, ०.९, ०.८, ०.४ आणि परत शून्य. मधल्या खोल्यांची बेरीज ३.२, तिला दोन मीटरनं गुणलं की ६.४ चौरस मीटर, हा पाण्याचा आडवा छेद. बांबू धरून मध्ये जाणाऱ्याला कमरेला दोरी बांधा, आणि जिथं पाणी गुडघ्याच्या वर आहे तिथं न जाता पुलावरून किंवा काठावरून बांबू टेकवा.

आता वरच्या दोरीच्या थोडं आधी काहीतरी तरंगतं सोडा. संत्रं चांगलं, सुकलेला नारळ पण चालतो, कारण ते बरंचसं पाण्यात बुडून चालतात आणि वाऱ्यानं ढकलले जात नाहीत, पान किंवा थर्माकोल वाऱ्यानं पळतं म्हणून नको. पहिल्या दोरीखालून गेलं की घड्याळ चालू, दुसऱ्या दोरीखाली बंद. एकदा मधून, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, असं सात-आठ वेळा करा, काठाला अडकलेले सोडून द्या आणि सरासरी काढा. समजा २५ सेकंद आले, २० मीटरला २५ सेकंद म्हणजे सेकंदाला ०.८ मीटर.

पण हा वरच्या पाण्याचा वेग झाला. तळाला आणि काठाला घासून पाणी हळू जातं, म्हणून वरच्या वेगाला ०.८५ नं गुणायचं. ०.६८ आला. ६.४ गुणिले ०.६८ म्हणजे सुमारे ४.३५ क्युमेक, ३५.३ नं गुणलं की १५४ क्युसेकच्या जवळपास. हे गणित पहिल्यांदा स्वतः केलं ना, की "धरणातून ८५४० क्युसेक" या वाक्याचं वजन कळतं. तुमच्यासमोरच्या भरल्या ओढ्यासारखे पंचावन्न ओढे एकदम.

वेगवेगळ्या पातळीला असं सात-आठ वेळा मोजलंत, की आलेखाच्या कागदावर उभ्या रेषेवर पातळी आणि आडव्या रेषेवर प्रवाह घेऊन टिंबं मांडा आणि त्यातून हातानं एक वक्र रेघ काढा. मग नुसती पट्टी वाचून प्रवाह सांगता येतो. खात्याची माणसंसुद्धा मुळात हेच करतात. फक्त जिथपर्यंत मोजलंय तिथपर्यंतच ही रेघ वापरा, वर लांबवू नका, पाणी काठावरून शेतात गेलं की सगळं बदलतं. मोठ्या पुरानंतर तळ खरवडला जातो किंवा गाळ बसतो, तेव्हा छेद परत मोजायला लागतो.

आणि ज्यांची नदी पुढं मोठ्या नदीला मिळते त्यांच्यासाठी एक गोष्ट. शिरोळ, नृसिंहवाडीच्या बाजूला कृष्णा भरलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगतं. पट्टीवर आकडा चढतो आणि ओंडका मात्र जागच्या जागी हळू फिरत असतो. म्हणजे पातळी जास्त, प्रवाह कमी. अशा जागी पातळीवरून प्रवाह काढायची रेघ काम देत नाही, तिथं दोन पट्ट्या लागतात, एक वर आणि एक खाली, आणि दोन्हीतला फरक बघायचा. फरक कमी होत चालला की समजायचं खालून फुगवटा आलाय आणि वर पाऊस थांबला तरी पाणी लगेच उतरणार नाही. २०१९ मध्ये आमच्याकडं पाऊस कमी झाल्यावर पण पाणी कितीतरी दिवस तसंच बसून होतं, ते बघितल्यापासून मी चढापेक्षा उताराचे आकडे जास्त काळजीनं लिहितो.

पायरी ८: आकडा उंबऱ्यापर्यंत आणा

हेच खरं काम. नदीकाठच्या प्रत्येक गावाला आपापल्या खुणा असतात. कोल्हापुरात पाणी जामदार क्लबपर्यंत आलं म्हटलं की शहरातल्या माणसाला पुढचं सांगायला लागत नाही. नृसिंहवाडीला दत्ताच्या देवळात पाणी शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, म्हणजे दक्षिणद्वार सोहळा झाला, की अख्ख्या पंचक्रोशीला पातळी कळते. या खुणांना नावं ठेवू नका, त्या आकड्याला जोडा.

कसं? वहीच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखा. राजारामची पातळी, त्याच वेळी तुमच्या पट्टीवरची पातळी, आणि तेव्हा गावात पाणी कुठं होतं ते. "ओढ्याच्या मोरीला टेकलं", "स्मशानाच्या रस्त्यावर आलं", "दूध डेअरीच्या पहिल्या पायरीला", असं नेमकं. पूर लहान असला तरी लिहा, लहान पुरातच हे शांतपणे लिहिता येतं. नुसती वजाबाकी करून "राजाराम अमुक तर आमच्याकडं तमुक" असं धरू नका, कारण पुराच्या पाण्याला पण उतार असतो आणि तो प्रत्येक वेळी सारखा नसतो, म्हणून प्रत्यक्ष बघितलेल्या जोड्याच पाहिजेत. दहा-पंधरा जोड्या झाल्या की कळायला लागतं, की राजाराम ४२ च्या पुढं गेलं की आपला मागचा रस्ता बंद होतो आणि त्याच्या आधी चारचाकी बाहेर काढायला लागते.

पाणी कुठल्या बाजूनं येतं तेही लिहा. शहरात नवीन आलेला माणूस नदीकडं तोंड करून बसतो आणि पाणी मागून येतं. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं जाऊ शकत नाही, ते उलटं फिरतं, जयंती नाल्याच्या कडेला सुतारवाड्यात पाणी शिरतं ते असंच. तुमच्या भागात नाला असेल तर नाल्याच्या पुलाला पण एक पट्टी मारा.

मागच्या पुरांच्या खुणा गोळा करा. भिंतीवर अजून डाग असतात, काही घरांवर रंगानं रेघ मारून साल लिहिलेलं असतं, आजी-आजोबांना विचारलं की ते दाराच्या कडीकडं बोट दाखवतात. लेव्हल पाईपनं त्या सगळ्या खुणा तुमच्या पक्क्या खुणेशी जोडून उंची लिहा. घर घ्यायचं किंवा भाड्यानं बघायचं असेल तर याच्यासोबत पूररेषेचा नकाशा पण बघा, निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" याचा अर्थ कुठल्याही वर्षी शंभरात एक शक्यता, एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं निवांत असा नव्हे. आम्ही दोन वर्षांच्या अंतरानं दोन महापूर बघितलेत.

जिवाची काळजी

कुठलाही आकडा जिवापेक्षा मोठा नाही. पुरात पट्टी वाचायला एकट्यानं जायचं नाही, रात्री तर नाहीच, उंचावरून बॅटरी मारून दिसत असेल तर वाचा नाहीतर सोडा, वहीत "वाचता आलं नाही" असं लिहा, तीही माहितीच आहे. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरायचं नाही. बंधाऱ्यावरून पाणी जात असताना त्यावर पाऊल टाकायचं नाही, खालच्या बाजूला पाणी गोल फिरतं आणि पट्टीचा पोहणारासुद्धा त्यातून सुटत नाही. भोंगा वाजला की वही बंद करून वर यायचं. पूर ओसरताना काठ भिजून ढासळतात आणि अडगळीत साप बसलेले असतात, त्या दिवसांत काठी घेऊन चाला.

सेन्सर लावायचा का, असं पोरं विचारतात. लावा की, पुलाखाली बसवायचे अल्ट्रासॉनिक सेन्सर आता मिळतात, सोलर आणि सिम कार्डवर चालतात. पण रंगवलेली पट्टी आधी, सेन्सर नंतर. सेन्सरचा आकडा बरोबर आहे का ते सांगायला पट्टीच लागते, आणि ऐन पुरात लाईट आणि रेंज दोन्ही जातात तेव्हा पट्टी तेवढी उभी असते.

गणपती झाले, पाणी उतरलं, की एक रविवार काढा. पट्टीवरचा गाळ ब्रशनं धुवा, उडालेला रंग परत मारा, त्या वर्षीच्या शिखराची रेघ साल लिहून भिंतीवर ओढा, वहीची सगळी पानं मोबाईलवर स्कॅन करून गल्लीतल्या अजून दोन माणसांकडं देऊन ठेवा, आणि बरगे घालायला माणसं आली की त्या दिवसाची तारीख लिहा.